गेम सुरू केला की पीसी रीस्टार्ट होतो: जुन्या डेस्कटॉपसाठी ग्राफिक्स कार्ड निवडण्याआधी काय तपासायचं

तक्रार थोड्याफार फरकाने एकच असते. तिसऱ्या किंवा चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह, एच६१ किंवा एच८१ चिपसेटचा बोर्ड, ८ जीबी रॅम आणि २०१३-१४च्या सुमारास दुकानातून जुळवून घेतलेलं कॅबिनेट. त्यात कुणीतरी ग्राफिक्स कार्ड टाकतं. डेस्कटॉपवर सगळं सुरळीत चालतं, व्हिडिओही चालतात. गेम लावला की थोड्याच वेळात स्क्रीन काळी पडते आणि पीसी आपोआप पुन्हा सुरू होतो. दुकानदार म्हणतो, कार्ड ओके आहे, आमच्या मशीनवर तासभर चालवून बघितलं. कार्ड बदलून आणलं तरी तेच. मग विंडोज नव्याने टाकली जाते, ड्रायव्हर उलटसुलट केले जातात, दोन दिवस बरं चालतं आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

अशा प्रकरणांत दुकानदार बहुतेक वेळा खरं बोलत असतो. कार्ड चांगलं असतं, पण त्या पीसीसाठी ते चुकीचं असतं. म्हणून माझा आग्रह असतो की कार्ड सगळ्यात शेवटी निवडा. आधी एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा), मग स्लॉट (बोर्डावर कार्ड बसतं ती खाच), मग प्रोसेसर, मग मॉनिटरची केबल. एवढं बघून झालं की निवडायला दोन-तीनच कार्डं उरतात आणि डोक्याचा ताप कमी होतो.

आधी लक्षण नीट ओळखा

"पीसी बंद पडतो" या एका वाक्यात तीन वेगवेगळे आजार लपलेले असतात.

निळी स्क्रीन नाही, कुठला मेसेज नाही, बटण दाबल्यासारखा पीसी थेट बंद किंवा रीस्टार्ट झाला, तर संशय वीजपुरवठ्यावर. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये त्या वेळेला "कर्नेल-पॉवर ४१" अशी नोंद दिसेल. ती बघून अनेक जण "सापडलं कारण!" म्हणतात, पण ती नोंद एवढंच सांगते की मागच्या वेळी मशीन रीतसर बंद झालं नव्हतं. का, ते ती सांगत नाही.

स्क्रीन क्षणभर काळी होऊन परत आली आणि गेम तेवढा बंद पडला, तर गोष्ट वेगळी. ग्राफिक्स चिपने ठरलेल्या वेळात उत्तर दिलं नाही की विंडोज ड्रायव्हर नव्याने सुरू करते. ही मुदत मुळात २ सेकंदांची असते आणि नोंद ४१०१ क्रमांकाची पडते. इथे ड्रायव्हर, कार्डाचं तापमान, कार्डाची मेमरी किंवा ओव्हरक्लॉकिंग यांपैकी काहीतरी असतं. सेफ मोडमध्ये जाऊन डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर या मोफत टूलने जुने ड्रायव्हर मुळापासून काढा, विशेषतः आधी दुसऱ्या कंपनीचं कार्ड असेल तर. त्यानंतर चिप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून नवा ड्रायव्हर टाका.

तिसरा प्रकार म्हणजे डिस्प्लेच येत नाही. त्याकडे पुढे वळू, कारण सगळ्यात जास्त पैसे पहिल्या प्रकारात वाया जातात.

वीज कमी पडते आहे का, हे फुकटात तपासता येतं. एमएसआय आफ्टरबर्नर हे टूल कुठल्याही कंपनीच्या कार्डावर चालतं. त्यातली पॉवर लिमिटची पट्टी जितकी खाली जाईल तितकी ओढा आणि गेममध्ये एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) ३० वर बांधा. एवढं केल्यावर रीस्टार्ट थांबले, तर कार्ड, विंडोज आणि गेम तिघेही बहुधा निर्दोष आहेत. एसएमपीएसला भार झेपत नाहीये.

एसएमपीएसचं लेबल वाचा, वरचा मोठा आकडा नव्हे

आमच्या सोसायटीतल्या एका मुलाचं मशीन बघायला गेलो होतो. आय-फाइव्ह ३४७०, एच६१ बोर्ड, त्यात सेकंड हँड आरएक्स ५८० कार्ड. "दादा, ४५० वॉटचा एसएमपीएस आहे, पॉवरचा प्रश्नच नाही," हे त्याने मी कॅबिनेट उघडायच्या आधीच सांगून टाकलं. बाजूचं पॅनल काढून टॉर्च मारला. लेबलवर ४५० हा आकडा दुरून दिसेल एवढा मोठा होता. खाली बारीक अक्षरांत तक्ता होता आणि त्यात +१२ व्होल्टच्या रकान्यात १४ अँपिअर लिहिलेलं.

१२ गुणिले १४ म्हणजे १६८ वॉट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही मुख्यतः या १२ व्होल्टच्या लाइनवरच जगतात. आय-फाइव्ह ३४७० कागदावर ७७ वॉटचा, आरएक्स ५८० हे १८५ वॉटचं. दोघांची बेरीज २६२. बोर्ड, पंखे, हार्डडिस्क अजून मोजलेच नाहीत. डेस्कटॉपवर बसून असताना हेच मशीन त्या १६८च्या बरंच आत चालतं, म्हणून सगळं ठीक वाटतं. गेम सुरू झाला की मागणी एकदम चढते, व्होल्टेज खाली येतं आणि एसएमपीएस हात वर करतो.

४५० हा आकडा मग आला कुठून? ३.३ व्होल्ट, ५ व्होल्ट, १२ व्होल्ट अशा सगळ्या लाइन एकत्र करून, आणि अनेकदा क्षणभरच झेपेल अशा मर्यादेने. जुन्या काळी पीसीचा बराच भार ५ व्होल्टवर असायचा, त्या घडणीचे स्वस्त एसएमपीएस अजून कॅबिनेटसोबत फुकट मिळतात. ८० प्लस ब्रॉन्झ (वीज कमी वाया घालवण्याचं प्रमाणपत्र) दर्जाच्या चांगल्या ४५० वॉट एसएमपीएसमध्ये १२ व्होल्टवर ३५ अँपिअरच्या आसपास मिळतात. दोन्हींवर आकडा ४५० असला तरी एकाची ताकद दुसऱ्याच्या दुपटीहून जास्त आहे.

मल्टिमीटर असेल तर गेम चालू असताना मोलेक्स (जुन्या चार पिनांच्या) कनेक्टरच्या पिवळ्या आणि काळ्या तारेमध्ये व्होल्टेज मोजा. एटीएक्स मानकात ५ टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे ११.४ ते १२.६. भार आल्यावर काटा ११.४च्या खाली गेला तर निकाल लागला. नाही गेला तरी एसएमपीएसला क्लीन चिट देऊ नका. रीस्टार्ट घडवणारी घसरण क्षणभराची असते, साधा मीटर ती पकडत नाही. बोर्डावरच्या सेन्सरचे आकडे दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर तर मुळीच भिस्त ठेवू नका. आणि एसएमपीएसचा डबा स्वतः उघडू नका, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जबर झटका देण्याइतका चार्ज राहतो.

कार्डाला वीज कशी मिळते तेही एकदा समजून घ्या. पीसीआय एक्सप्रेसचा लांब स्लॉट स्वतःहून ७५ वॉटपर्यंत देतो. ६ पिनांचा कनेक्टर आणखी ७५, ८ पिनांचा १५०. एसएमपीएसला हे कनेक्टर नसतील तर तो तेवढ्या मोठ्या कार्डासाठी बनवलेलाच नाही, असा सरळ अर्थ घ्या. दुकानात "हा जॉइंट लावा, चालतंय" म्हणत साटा-टू-सिक्स-पिनचा कन्व्हर्टर हातात दिला जातो. तो परत द्या. साटा पॉवरचा कनेक्टर १२ व्होल्टवर ५४ वॉटपुरता बनवलेला असतो. त्यातून ७५ वॉट ओढले की प्लास्टिक वितळू शकतं.

त्या मुलाच्या मशीनला ५५० वॉटचा ब्रॉन्झ एसएमपीएस बसवला आणि रीस्टार्ट थांबले. गेम मात्र तरीही अडखळत होता. त्याचं कारण वेगळं होतं.

कार्ड बदललं, एफपीएस तेवढेच

गेम चालू ठेवून टास्क मॅनेजर उघडा. जीपीयू (ग्राफिक्स चिप) ५० टक्क्यांवर आणि सीपीयू (प्रोसेसर) १००ला चिकटलेला दिसला, तर कार्ड बसून प्रोसेसरची वाट बघतंय. आय-फाइव्ह ३४७०ला चार कोअर आणि चारच थ्रेड (एका वेळी चालणाऱ्या कामांच्या रांगा) आहेत. आजच्या मोठ्या गेमना ते पुरत नाहीत, आणि मागे ब्राउझर उघडा असेल तर बघायलाच नको. आणखी एक अडचण म्हणजे एव्हीएक्स२ नावाच्या, प्रोसेसरला समजणाऱ्या सूचना इंटेलमध्ये २०१३च्या हॅसवेलपासून, म्हणजे चौथ्या पिढीपासून आल्या. काही नवे गेम त्यांच्याशिवाय उघडतच नाहीत. तिथे कितीही महागडं कार्ड लावा, उपयोग शून्य.

त्याच एलजीए ११५५ सॉकेटमध्ये जुना आय-सेव्हन ३७७० बसतो, थ्रेड आठ होतात आणि अडखळणं बरंच कमी होतं. रॅमची एकच पट्टी असेल तर तशीच दुसरी टाकून ड्युअल चॅनल करा. हे दोन्ही बदल कार्डापेक्षा स्वस्त पडतात. पण त्यात एक मेख आहे: हा प्रोसेसर आणि डीडीआर३ रॅम पुढच्या पीसीत घेऊन जाता येत नाही. कार्ड आणि एसएमपीएस घेऊन जाता येतात. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ला अधिकृतपणे इंटेलची आठवी पिढी लागते, तेव्हा तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या बोर्डावर किती पैसे ओतायचे याला मर्यादा हवी. मी पैसे लावायचे झाले तर आधी एसएमपीएसवर लावतो, मग कार्डावर, आणि बोर्डाला चिकटलेल्या गोष्टींवर जमेल तेवढे कमी.

सीपीयू आणि जीपीयू दोन्ही निवांत दिसतात आणि तरी गेम मध्येच थिजतो? मग हार्डडिस्क बघा. एसएसडी नसेल तर कार्डाचा विचार सध्या बाजूला ठेवा.

स्लॉटची गोम

हा मुद्दा जाहिरातीत कधीच नसतो. काही स्वस्त कार्डांचा कनेक्टर दिसायला पूर्ण लांबीचा असतो, पण आत फक्त चार लेन (डेटा ये-जा करण्याच्या वाटा) जोडलेल्या असतात. २०२२मध्ये आलेली आरएक्स ६४०० आणि आरएक्स ६५०० एक्सटी ही त्यातली ठळक उदाहरणं. पीसीआय एक्सप्रेस ४.०वर चार लेन म्हणजे सेकंदाला सुमारे ८ जीबी, तेवढं पुरतं. ३.०वर ते ४ होतं आणि २.०वर २. दुसऱ्या पिढीचा आय-फाइव्ह २४०० फक्त २.० देतो, तिसऱ्या पिढीपासून प्रोसेसर ३.० देतो, पण एच८१ बोर्डाचा स्लॉट तरीही २.०वरच चालतो. ४ जीबी मेमरी भरली की कार्ड वारंवार मुख्य रॅमकडे धाव घेतं, आणि नेमकी तीच वाट अरुंद असते. जुन्या पीसीसाठी म्हणून घेतलेलं कार्ड जुन्या पीसीतच सगळ्यात वाईट चालतं, अशी ही गंमत. शिवाय या दोन्हींमध्ये व्हिडिओ एन्कोडर (व्हिडिओ दाबून साठवणारा भाग) नाही, तेव्हा गेम रेकॉर्ड किंवा स्ट्रीम करणाऱ्यांनी त्यांच्याकडे बघूच नये.

बोर्डावर दोन लांब स्लॉट असतील तर कार्ड प्रोसेसरच्या जवळच्या स्लॉटमध्येच लावा. दुसरा बहुधा चार लेनचाच असतो. जीपीयू-झेड या टूलमध्ये "बस इंटरफेस"समोर किती लेन आणि कुठली आवृत्ती चालू आहे ते दिसतं. तिथे १.१ दिसलं म्हणून घाबरू नका. कार्ड रिकामं असताना वीज वाचवायला वेग कमी करतं. शेजारच्या प्रश्नचिन्हावर क्लिक करून रेंडर टेस्ट चालू करा, मग खरा आकडा दिसतो.

इंटेलचं आर्क कार्ड घ्यायचा मोह होतो, कारण त्या किमतीत मेमरी जास्त मिळते. पण त्याला रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी) ही सोय लागते आणि इंटेल स्वतः दहाव्या पिढीपासूनच्या प्रोसेसरची शिफारस करतं. एच६१ किंवा एच८१वर त्याचा विचार सोडा.

डिस्प्लेच येत नाही

कार्ड लावलं, पंखा फिरतो, स्क्रीन काळी. आधी मॉनिटरची केबल बघा. ती अजून बोर्डाच्या व्हीजीए पोर्टला असेल, तर कार्ड लावताच बोर्डाने ते पोर्ट बंद केलेलं असण्याची दाट शक्यता आहे. केबल कार्डाला लावायला गेलात की दुसरा धक्का बसतो: नव्या कार्डांना व्हीजीए नसतं. एनव्हिडियाच्या १० मालिकेपासून अॅनालॉग सिग्नल गेलाच, त्यामुळे डीव्हीआयला लावायचा स्वस्त, साधा अडॅप्टरही चालत नाही. एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्टवरून व्हीजीए करणारा, आत चिप असलेला कन्व्हर्टर लागतो.

केबल ठीक असेल तर कार्ड काढून, सोनेरी पट्टीवरून खोडरबर हलक्या हाताने फिरवून, पुन्हा "कट" असा आवाज येईपर्यंत बसवा. रॅमचा हा घरगुती उपाय इथेही लागू पडतो. ६ किंवा ८ पिनांची वायर पूर्ण आत गेली आहे ना, तेही बघा.

तरीही बीप येत राहिल्या आणि चित्र नाही, तर बायोसकडे (बोर्डातलं, पीसी सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) या. २०११-१२च्या काही बोर्डांवर जुन्या धाटणीचं बायोस आहे आणि नवं कार्ड त्याला ओळख देत नाही. कार्ड काढून, बोर्डावरच्या डिस्प्लेवर चालू करून, बोर्डाच्या कंपनीच्या साइटवरचं शेवटचं बायोस टाका. हे काम लाइट जाण्याची भीती नसताना करा. अपडेटनंतर यूईएफआय (नव्या पद्धतीचं) बूट मिळालं तर सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करू देणारी सोय) बंद करून बघता येतं, पण थांबा: विंडोज जुन्या एमबीआर पद्धतीच्या डिस्कवर असेल तर सीएसएम बंद केल्यावर ती सुरूच होणार नाही. विंडोज १०मध्ये एमबीआर-टू-जीपीटी नावाची आज्ञा आहे, ती डेटा न पुसता डिस्क बदलून देते. तरी आधी बॅकअप घ्या.

मग कार्ड कोणतं?

एसएमपीएस बदलायचा नसेल, किंवा ऑफिसातून निघालेलं ब्रँडेड मशीन असेल, तर ७५ वॉटच्या आतलं आणि बाहेरून वायर न लागणारं कार्ड घ्या. डेलच्या ऑप्टिप्लेक्स ९०२०सारख्या मशीनला नेहमीचा २४ पिनांचा कनेक्टर नसतो, ८ पिनांचा स्वतःचाच असतो. एसएमपीएस बदलायचा तर वेगळा कन्व्हर्टर शोधावा लागतो आणि बुटक्या कॅबिनेटमध्ये तर नेहमीच्या मापाचा एसएमपीएस मावतच नाही. इथे माझी पहिली पसंती २०२४मध्ये आलेल्या आरटीएक्स ३०५०च्या ६ जीबी आवृत्तीला: ७० वॉट, आठ लेन, एन्कोडर आहे, एव्ही१ या नव्या प्रकारातला व्हिडिओ हार्डवेअरवर उलगडतो. बुटक्या कॅबिनेटसाठी लो प्रोफाइल रूपही मिळतं. नावाने फसू नका, ८ जीबीचं आरटीएक्स ३०५० हे १३० वॉटचं वेगळं कार्ड आहे. बजेट त्याहून कमी असेल तर सेकंड हँड जीटीएक्स १६५०, मात्र ६ पिनांची वायर नसलेलं बघून.

एसएमपीएस चांगला असेल, किंवा तो घ्यायची तयारी असेल, तर आरएक्स ६६००. १३२ वॉट, एक ८ पिनांची वायर, ८ जीबी मेमरी, आठ लेन. ३.० स्लॉटवर त्याचं फारसं अडत नाही. आज आय-सेव्हन ३७७०वर चालवा, उद्या नव्या बोर्डावर न्या. त्याच्या वरची कार्डं या प्रोसेसरवर घालणं म्हणजे पैसे झोपवून ठेवणं.

जीटीएक्स १०५० टीआय आजही भरपूर विकलं जातं. चांगलं कार्ड होतं. पण एनव्हिडियाने मॅक्सवेल आणि पास्कल या पिढ्यांसाठी गेमचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५मध्ये थांबवले, आता फक्त सुरक्षेची अपडेट येतील. आधीपासून असेल तर वापरत राहा, नव्याने पैसे घालू नका. जीटी ७१० आणि जीटी ७३० ही "२ जीबी, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड" म्हणून अजून गळ्यात मारली जातात. ती गेमसाठी नाहीत, मेमरीचा आकडा कितीही असो.

सेकंड हँड घेताना

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला कार्ड घ्यायला गेलात तर काउंटरवरच लावून दाखवायला सांगा आणि पेन ड्राइव्हवर जीपीयू-झेड सोबत ठेवा. जुन्या जीटीएस ४५०च्या चिपवर बायोस बदलून तिला जीटीएक्स १०५० टीआय म्हणून विकण्याचा धंदा जोरात होता. २०१८पासून जीपीयू-झेड अशा कार्डाच्या नावाआधी "फेक" असं लिहून दाखवतं. आरएक्स ५८० घेत असाल तर शेडर (चिपमधली हिशेब करणारी छोटी एककं) २३०४ आहेत की २०४८ ते बघा, २०४८वालं कमी ताकदीचं असतं.

सप्टेंबर २०२२मध्ये इथेरियम या क्रिप्टो चलनाचं, ग्राफिक्स कार्डांवर होणारं मायनिंग बंद झालं आणि त्यातली कार्डं बाजारात आली. मायनिंगमध्ये वापरलं म्हणून कार्ड वाईट, असं मी मानत नाही. पंखे आणि थर्मल पेस्ट बदलली की बरीच कार्डं नीट चालतात. त्रास देतं ते बदललेलं बायोस: ड्रायव्हर टाकल्यावर डिव्हाइस मॅनेजरमध्ये "कोड ४३" किंवा गेममध्ये रंगीत ठिपके. कार्डाच्या कडेला छोटा स्विच असेल तर पीसी बंद करून तो दुसऱ्या बाजूला सरकवा, तिथे मूळ बायोस असण्याची शक्यता असते. काउंटरवर दहा मिनिटं फरमार्क (कार्डावर पूर्ण भार टाकणारं टूल) चालवू देत नसेल, तर त्या दुकानातून घेऊ नका. आणि बिलावर कार्डाचा सीरियल नंबर लिहून घ्या.

यूपीएस

एवढं सगळं करूनही लाइट गेली की पीसी क्षणात बंद होतो, यूपीएस नुसता किंचाळतो? घरोघरी असलेला ६०० व्हीए यूपीएस साधारण ३६० वॉटचा असतो, आणि तोही बॅटरी नवी असताना. दोन-तीन वर्षांच्या बॅटरीवर मॉनिटर, पीसी आणि गेममध्ये गुंतलेलं कार्ड एकदम टाकलं की ती मान टाकते. लाइट असताना त्रास नाही आणि फक्त लाइट गेल्यावरच आहे, तर कार्ड किंवा एसएमपीएस पुन्हा उघडू नका. यूपीएसची बॅटरी बदला आणि स्पीकर, राउटर त्याच्यावरून काढून भिंतीवरच्या दुसऱ्या स्विचबोर्डला लावा.